करारातील तिसरा पक्ष



नव्या कामगारसंहितांवर आम्ही बोलावे, अशी चालकांची मूळ सूचना होती. त्या विषयावर बोलणारी अभ्यासू मंडळी आपल्या सोलापुरात पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही विषय बदलून मागितला. किशोरवयातील मुलाला एकाहून अधिक ऑटोइम्यून आजार झाले आणि त्यांवरचे उपचार एकमेकांच्या आड येऊ लागले, तर निर्णय घ्यावयाचा कोणी व कसा, हा आजचा विषय आहे. तो घरगुती आहे, व्यासपीठाचा नव्हे, असे कोणास वाटेल. परंतु गेल्या आठ वर्षांत ज्या ज्या दवाखान्याच्या बाकावर आम्ही बसलो, तेथे तेथे आमच्यासारखे आईबाप कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले पाहिले. या गोष्टी बोलावयाला त्यांना दुसरी जागा नाही.

आम्ही म्हणताना त्यात मुलीची आईही धरली आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि आमचे काही चुकले तर ती तेथूनच हात वर करील. मुलीची परवानगीही घेतली आहे. काय सांगावयाचे आणि काय सांगावयाचे नाही, याची यादी तिने लिहून दिली आहे. ती खिशात आहे आणि तिच्याबाहेर आम्ही जाणार नाही.

आधी आजाराचे स्वरूप थोडक्यात सांगतो. गिरणीच्या फाटकावर रखवालदार असतो तो चोराला अडविण्यासाठी. तोच एके दिवशी पाळीवर येणाऱ्या कामगारांना चोर समजून झोडपू लागला तर जे होईल, ते या आजारात शरीरात होते. रोगजंतूंशी लढणारी शक्ती आपल्याच एखाद्या अवयवावर उलटते. असे घडू शकते हे मानावयास वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. पाउल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितले होते की, शरीर स्वतःविरुद्ध विष निर्माण करणे टाळते. मोठ्या माणसाचा शब्द, तो पन्नास वर्षे टिकला! १९५६ साली अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांवर प्रयोग करून दाखविले की, कंठातील थायरॉइड ग्रंथीवर शरीराचाच हल्ला घडवून आणता येतो. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना थायरॉइडच्या रोग्यांच्या रक्तात त्यांच्याच ग्रंथीविरुद्धची द्रव्ये सापडली. जपानच्या हाशिमोटो यांनी हा ग्रंथीचा आजार १९१२ मध्येच वर्णिला होता. कारण कळावयाला चव्वेचाळीस वर्षे गेली.

रखवालदार एकदा बिथरला की तो एकाच खात्यात थांबेल, याची हमी नसते. बालपणीचा मधुमेह असलेल्या मुलांत थायरॉइडचा आणि गव्हाचा आजार इतरांहून अधिक आढळतो, म्हणून डॉक्टर त्यांची तपासणी अधूनमधून करीतच असतात. आमच्या मुलीला नवव्या वर्षी मधुमेह झाला, बाराव्या वर्षी थायरॉइड, तेराव्या वर्षी सीलिअ‍ॅक म्हणजे गव्हाचा आजार, आणि चौदाव्या वर्षी ल्यूपस. आज ती सतरा वर्षांची आहे आणि बारावीला आहे.

मधुमेहाबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्शुलिन प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी हा रोग झालेले मूल वर्ष-दोन वर्षांत जात असे. बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. पुढे इन्शुलिनच्या कारखानदारांनी काय केले ते वेगळ्या व्याख्यानाचे काम आहे. असो.

सीलिअ‍ॅकमध्ये गहू, जव आणि राय यांतील ग्लुटेन हे द्रव्य आतड्याला चालत नाही. थोडेसुद्धा चालत नाही आणि जन्मभर चालत नाही. हॉलंडच्या डिके या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हा हीच आजारी मुले सुधारू लागली आणि संशय पक्का झाला. आपण ज्वारीच्या प्रांतातले. आमची समजूत अशी की भाकरी खाणाऱ्याला कसली भीती! परंतु भाकरीचे पीठ ज्या चक्कीवर दळले, तिच्यावर आधी गहू दळलेला असतो. पुष्कळशा हिंगाच्या डब्यांत गव्हाचे पीठ असते. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा, होळीची पोळी गव्हाची, शेवया गव्हाच्या, आणि लग्नाच्या पंगतीत पुऱ्या ज्या तेलात तळल्या त्याच तेलात पापड. ज्या मुलीला प्रसादाला नाही म्हणावे लागते, तिला दहा बायका दहा वेळा कारण विचारतात. आम्ही हप्त्याने घरघंटी घेतली. औषधांपेक्षा तिने घरातले भांडण अधिक कमी केले.

आता वेळापत्रक पाहा. थायरॉइडची गोळी पहाटे साडेपाचला उपाशीपोटी. न्याहारीपूर्वी बोटातून रक्त काढून साखर पाहणे आणि इन्शुलिनची सुई. दिवसातून अशा चार सुया. न्याहारीनंतर स्टेरॉइड. हाडांसाठी कॅल्शियम, पण ते थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी, कारण जवळ आले तर कॅल्शियम तिला अंगी लागू देत नाही. ल्यूपसची मुख्य गोळी सकाळ-संध्याकाळ. रात्री हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, आणि त्यासाठी डोळ्यांची नियमित तपासणी. याखेरीज ल्यूपसला ऊन सोसत नाही, आणि हे आम्ही सोलापुरात सांगत आहो! शाळेची प्रार्थना मैदानावर, कवायत मैदानावर. गिरणीच्या तीन पाळ्या आम्ही पाहिल्या. ही चौथी, आणि हिला साप्ताहिक सुट्टी नाही.

नातेवाइकांच्या सल्ल्यावर फार वेळ घालवीत नाही. बालपणीच्या मधुमेहात इन्शुलिन बंद केले तर मूल थोड्याच दिवसांत मरणाच्या दारी जाते. त्यावर काढा नाही, अंगारा नाही. दुसरा सल्ला प्रतिकारशक्ती वाढविण्याचा. अहो, येथे शक्ती कमी नाही, ती भलतीकडे चालली आहे. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ती इजा ऑटोइम्यून धर्तीची होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, हेही सांगितले पाहिजे. परंतु असा वाद चालू असताना आपल्या मुलीच्या पोटात तो काढा घालावयाचा कशाला?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ताप, सांधेदुखी आणि गालावरचे लाल चट्टे येथून सुरुवात झाली. लघवीतून प्रथिने जाऊ लागली तेव्हा आम्ही पुण्याला गेलो. मूत्रपिंडाचा कणभर तुकडा काढून तपासला. ल्यूपसने मूत्रपिंड धरले होते, वर्ग चौथा. कारखान्याचा ताळेबंद वाचावयाला आम्ही जसे शब्दकोश घेऊन शिकलो, तसेच हे कागद वाचावयाला शिकलो. उपचार केले नाहीत तर मूत्रपिंडे जाणार, याविषयी वाद नव्हता. वाद होता तो उपचार कोणता, याविषयी.

स्टेरॉइड तर दोन्ही मार्गांत अटळ. १९४८ साली अमेरिकेत हेंच यांनी कॉर्टिझोन प्रथम संधिवाताच्या रोग्याला दिले, तेव्हा खिळलेली माणसे उठून चालू लागली आणि दोनच वर्षांत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या औषधाची दुसरी बाजूही त्याच सुमारास दिसू लागली. आमच्याकडे ती अशी दिसली की, सकाळच्या गोळीने दुपारनंतर साखर चढू लागली आणि इन्शुलिन जवळजवळ दुप्पट करावे लागले. एका आजाराचे औषध दुसऱ्याच्या चुलीत लाकूड घालीत होते. शिवाय चेहरा. सहा आठवड्यांत पोरीचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, आणि हा चंद्र कवींच्या कामाचा नव्हे. मनात आले म्हणून ही गोळी एकदम सोडताही येत नाही. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनविणे मंद केलेले असते, त्यामुळे जिवावर बेतते.

स्टेरॉइडच्या जोडीला दोन मार्ग होते. पहिला सायक्लोफॉस्फमाइडच्या सुयांचा. युरोपातील डॉक्टरांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीप्रमाणे दर पंधरवड्याला ५०० मिलिग्रॅम, अशा सहा. तीन महिन्यांत काम आटोपते. पण हे औषध बीजांडकोशाला इजा करू शकते. मात्रा थोडी आणि वय लहान म्हणून धोका कमी. नाही असे नव्हे. दुसरा मार्ग मायकोफेनोलेटच्या गोळ्यांचा. ३७० रोग्यांवरील तुलना २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत हे औषध सुयांच्या औषधाच्या तोडीचे ठरले. याने बीजांडकोशाला इजा होत नाही. मात्र ते चालू असताना गर्भ राहिला तर गर्भाला घातक. गोळ्या रोज दोनदा, त्याही महिनोन् महिने, वर्षानुवर्षे. जंतुसंसर्गाचे भय दोन्हीकडे.

डॉक्टरबाई सज्जन होत्या. त्यांनी स्पष्ट सांगितले की, दोन्ही मार्ग शास्त्राला मान्य आहेत, तुम्ही ठरवा. मुलीचा बाप सुयांच्या बाजूचा होता. तीन महिने, सहा फेऱ्या, औषध डोळ्यांसमोर शरीरात गेलेले दिसते. मुलीची आई गोळ्यांच्या बाजूची; तिच्या मनात पुढचे नातवंड होते. आम्ही मराठीत आणि डॉक्टरबाई अर्ध्या इंग्रजीत असे वीस मिनिटे बोलत होतो, आणि जिच्या शरीरात औषध जावयाचे ती मधल्या खुर्चीवर बसून भिंतीवरचे मूत्रपिंडाचे चित्र पाहत होती. कायदा आमच्या बाजूचा होता. अठरा वर्षांखालील मुलाच्या उपचारांसाठी सही पालकाची लागते.

या सहीविषयी आमच्या धंद्यात आम्ही काही शिकलो आहो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो, पण घराघरांत दुसरी गोष्ट नव्हती. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार आणि बोनस यांच्या बरोबरीने एक मागणी अशी होती की, १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा. त्या कायद्याने एका धंद्यात एकच संघटना प्रतिनिधी ठरे आणि तिने केलेला करार सर्वांवर बंधनकारक होई. सही पूर्ण कायदेशीर होती. हजारो कामगार तिला आपली मानीत नव्हते, एवढेच. आईबाप ही तशीच मान्यताप्राप्त संघटना आहे. तिला मुलाने निवडून दिलेले नसते.

आणि ज्याला विचारले नाही तो काय करतो? लहान मूल रडते. पंधरा वर्षांचे मूल संप पुकारीत नाही, ते काम संथ करते. पुण्याच्या त्या बाकावर इतर आईबापांकडून आम्ही ऐकले: गोळी कंपासपेटीत सापडते, तुळशीच्या कुंडीत सापडते, बेसिनमधून वाहून जाते. हे केवळ ऐकीव नाही. किशोरवयात औषधे सुटणे हे बसविलेले मूत्रपिंड निकामी होण्याचे एक मोठे कारण म्हणून जगभर नोंदलेले आहे. अशा मुलांना बेजबाबदार म्हणण्याची घाई होते. आमचा अनुभव असा की, जो करार पाळावयाचा त्याची भाषा ज्याच्या तोंडची नाही, त्याच्याकडून तो पाळला जात नाही, मग तो मागावरचा कामगार असो की दहावीची मुलगी.

कायद्याच्या जगातही हे उमगू लागले आहे. इंग्लंडमध्ये १९८५ साली लॉर्डांच्या सभागृहाने निर्णय दिला की, सोळा वर्षांखालील मुलालाही उपचार नीट समजत असेल तर त्याची स्वतःची संमती ग्राह्य धरता येईल. आपल्याकडे वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, बारा ते अठरा वर्षांच्या मुलावर संशोधन करावयाचे तर पालकाच्या संमतीखेरीज मुलाची लेखी अनुमती घ्यावी. पण ते संशोधनापुरते. नित्याच्या उपचारात मुलाला विचारणे न विचारणे हे खोलीत बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या मर्जीवर राहते.

मुलाच्याच हाती सर्व द्या, असे आम्ही म्हणत आहो असा कोणी अर्थ काढू नये. यंत्राच्या पट्ट्याला कुंपण असावे की नाही, यावर कोणताही कामगारपुढारी मतदान घेत नाही. इन्शुलिन हे तसे कुंपण. उपचार करावयाचे की नाही, हेही तसेच. हे आम्ही मुलीला पहिल्या वाक्यात सांगितले. त्यानंतर म्हणालो, राहिलेल्या सर्व कलमांवर तुझे मागणीपत्र आण. डॉक्टरबाईंकडून चार दिवसांची मुदत घेतली होती.

मागणीपत्र वहीच्या मागच्या पानावर आले. वाचून दाखविण्याची मुभा आहे तेवढेच सांगतो. डॉक्टरांनी माझ्याशी बोलावे, माझ्या डोक्यावरून नव्हे. दर भेटीत दहा मिनिटे मी एकटी आत, आईबाबा बाहेर. वजनाचा आकडा मोठ्याने वाचावयाचा नाही. चेहऱ्याबद्दल घरी कोणी बोलावयाचे नाही, बरा दिसतो असेसुद्धा नाही. आत्या आणि मावशी यांना काय कळवावयाचे ते मी ठरवीन. शेवटचे कलम औषधाचे होते. त्यावर ती तोंडी बोलली. “मुलं हवीत की नकोत हे मी आत्ता कशाला सांगू? पण सांगायची वेळ येईल तेव्हा मला सांगता आलं पाहिजे. गोळ्या घेते मी. पण रोज ‘घेतलीस का, घेतलीस का’ विचारायचं नाही.”

बापाने प्रश्न केला की, मग आम्हांला कळणार कसे? वाटाघाटी येथे खऱ्या सुरू झाल्या आणि रात्री साडेअकराला संपल्या. ठरले ते असे. सात दिवसांचे कप्पे असलेला डबा घ्यावयाचा, तो तिने भरावयाचा, आणि रविवारी सकाळी तिच्यादेखत आईने तपासावयाचा. मधल्या दिवसांत चौकशी बंद. गोळी चुकली तर तिने सांगावयाचे आणि आम्ही ओरडावयाचे नाही. डॉक्टरबाईंनी त्यात एक कलम वाढविले: सहा महिन्यांत लघवीतील प्रथिने निम्म्याच्या खाली आली नाहीत, तर वाद न घालता सुया. या कलमावर मुलीने पुष्कळ विचार केला आणि मग तिघांनी सह्या केल्या. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटविला आहे. त्याला कायद्यात काही किंमत नाही.

पुढचे सांगतो, तेही सर्व गोड नाही. पहिले दोन महिने गोळ्यांनी मळमळे. पाचव्या महिन्यात तिला नागीण उठली, कारण रखवालदाराला गुंगी दिली की चोरही आत येतात. डॉक्टरांनी काही दिवस गोळ्या थांबवून ती बरी केली. शाळेची सहल झाली त्या रविवारी डब्यात दोन गोळ्या उरल्या होत्या. मैत्रिणींसमोर काढाव्याशा वाटल्या नाहीत, असे तिने सांगितले. ओरडावयाचे नाही हे कलम त्या सकाळी आम्हांला जड गेले, पाळले. सहाव्या महिन्याला प्रथिने निम्म्याच्या खाली आली. आज ती आणखी उतरली आहेत, शून्य नाहीत. स्टेरॉइड ५ मिलिग्रॅमवर आले आहे. चेहऱ्याविषयी बोलण्यास मनाई आहे.

खर्चाचे थोडक्यात. कामगार विम्याची पगारमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१ हजार केली गेली. आमच्या ओळखीचे कित्येक कामगार दोन-चारशे रुपयांच्या वाढीने तिच्या बाहेर गेले आणि रोजच्या औषधाची चिठ्ठी खिशातून भरू लागले. सरकारी आरोग्य योजनांचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर असतो. जे औषध घरी बसून जन्मभर घ्यावयाचे, त्याचा प्रश्न मोठा आहे. तो आमच्या संघटनेने हाती घ्यावा अशी खटपट चालू आहे.

सध्या नवा मुद्दा निघाला आहे. उरलेले ५ मिलिग्रॅमही हळूहळू बंद करावे, असे डॉक्टरबाईंना वाटते. बंद केले तर हाडांना व साखरेला बरे. पण आजार उसळण्याचा संभव आहे. मुलीच्या आईचे म्हणणे, परीक्षा होऊ दे. मुलीचे म्हणणे, आत्ताच. बाप या खेपेला तटस्थ आहे. पुढील महिन्यात पुण्याला जावयाचे आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला अठरा पूर्ण होतील आणि पालकाच्या रकान्यात आमची सही लागणार नाही. मग आम्ही बसावयाचे कोठे, असे तिच्या आईने परवा विचारले. “बाहेर बाकावर,” ती म्हणाली, “पण यायचं.”

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी सभा संपल्यावर दाराजवळ पाच मिनिटे थांबावे. आमच्या भागातील एका चक्कीवाल्याने आठवड्यातून एक सकाळ चक्की धुऊन पुसून फक्त ज्वारी-बाजरी दळण्याचे कबूल केले आहे, पण त्याला निदान दहा घरे हवीत. आजवर सहा झाली आहेत.